तिला त्यागी म्हणू नका

माझ्या बायकोनं कुणाला काही दिलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुमच्यापैकी कुणी ती चित्रफीत मोबाइलवर बघितली असेल आणि बघून डोळे पुसले असतील. डोळे पुसायचं काम नाही. तिच्या वाट्याची लस दुसऱ्यांनी घेतली आणि ती मेली. मेल्यावर लोकांनी तिच्या गळ्यात हार घातला, म्हणजे कुणी घेतली हे विचारायला नको.

मी शिकलेला माणूस नाही. कन्नड शाळेत दुसरीपर्यंत गेलो, मग ढोरं राखली. मराठी लिहायला शिकलो ते लेकीच्या पुस्तकांवरून, तिच्या शेजारी बसून. एकेका ओळीला दम लागतो. तरी लिहायला बसलोय, कारण बोललेलं लोक कापतात. माझं कापलं.

आमचं गाव मंठाळच्या बाजूला. तूर आणि ज्वारीचं रान, दोन म्हशी, लेक कमलनगरला दिलेली. त्या उन्हाळ्यात, दुसरी लाट म्हणतात त्या उन्हाळ्यात, गावात अर्ध्या लोकांना तापाचं भ्या आणि अर्ध्यांना सुईचं. सुई टोचली की माणूस मरतो, असं पारावर बसून सांगणारे शहाणे आमच्याकडंही होते. माझी बायको त्यातली नव्हती. तिची थोरली बहीण मादन हिप्परग्याला दिलेली, ती त्याच तापानं गेली आणि हिला मातीलाही जाता आलं नाही. तेव्हापासून ती सारखी विचारायची, आपल्या दवाखान्यात लस कधी येतीय.

लस आल्याचं कळलं त्या दुपारी ती सुई-दोरा घेऊन उंबऱ्यावर बसली आणि पोलक्याच्या बाहीची शिवण उसवायला लागली. मी म्हणालो, "चांगलं पोलकं कामून फाडायलीस?"

"बाही दंडाला घट्ट बसतीय. वर सरकत न्हाई. उद्या तिथं सगळ्यांपुढं पोलकं काढू का काय?"

असली बाई मरायला तयार होती असं कुणी म्हणत असेल तर त्यानं ते पोलकं येऊन बघावं. ट्रंकेत आहे.

दवाखान्यासमोर लिंबाचं झाड आहे. त्याच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्च्या दारापासून ओळीनं मांडलेल्या. एक जण आत गेला की सगळ्यांनी एकेक खुर्ची पुढं सरकायचं. आम्ही सकाळी न्याहारी न करता आलो होतो. सरकत सरकत दाराजवळ आलो. ती पुढं, मी तिच्या मागच्या खुर्चीवर. आत सुई टोचताना कुणी तरी "आई गं" केलं, तर ही माझ्याकडं वळून हसली. म्हणाली, "पाटलीण हाय वाटतं. मुंगी चावली तरी वरडतीय."

तेवढ्यात मोटारी आल्या. तेलंगणाच्या नंबराच्या, पांढऱ्या, एकामागं एक. त्यातनं तरणी पोरंपोरी उतरली. शहरात त्यांना लस मिळेना, म्हणून मोबाइलवर हुडकत हुडकत आमचा दवाखाना गाठला होता. आमच्या दवाखान्याचं नाव आम्हालाच धड माहीत नाही, आमच्यासाठी तो नुसता सरकारी. त्यांना मात्र मोबाइलवर सापडला. चोरी कुणी केली नाही. त्यांचं नाव लागलं होतं, वेळ मिळाली होती. नियम तसाच होता. ज्याला मोबाइल चालवता येतो त्याची बारी आधी, हा नियम ज्यानं केला तो त्या मोटारीत नव्हता, हे मलाही कळतं.

त्यातली एक पोरगी घामानं डबडबलेली. हिच्यापुढं येऊन म्हणाली, "अम्मा, हमारा टैम हो गया. भोत दूर से आये. जरा आगे जाने देव ना."

आणि ही उठली.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळा घोटाळा इथंच आहे. ती विचार करून उठली नाही. आमच्यात पाव्हणा उभा आणि घरची बाई बसलेली, असं होतच नाही. पाव्हण्याचं ताट आधी, मग गड्यांचं, मग लेकरांचं, मग बायांचं. बायांत तिचं सगळ्यात शेवटी. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला कधी पाव्हण्याआधी घास घेताना पाहिली नाही. तिचं अंगच तसं घडवलेलं होतं. दारात गाडी थांबली की पाय आपोआप उठायचे आणि हात तांब्याकडं जायचा. त्या दिवशीही पिशवीतला तांब्या काढला.

"जावा माय, जावा. लांबून आलाव. आमी हितलेच हाव. पाणी देऊ का?"

त्या पोरीनं आपली बाटली वर करून दाखवली. पाणी घेतलं नाही. खुर्ची घेतली.

एका खुर्चीवरून माणूस उठला की ओळ मोडते. बाकीचेही आत घुसले. ती उठली म्हणून मी उठलो, आमच्या मागचे दोघं तिघं उठले. आम्ही सगळे झाडाच्या बुडाशी उभे, आणि ती पोरं दंड दाबत, दंडाचा फोटो काढत बाहेर यायला लागली. मग सिस्टर दारात आली.

"आजचं संपलं अज्जी."

"संपलं म्हंजे? आमी सकाळधरनं बसलाव की."

"मी काय करू अज्जी? आले तेवढेच आले. मोबाइलवाल्यांची नावं आधी घ्या म्हणून वरून हुकूम हाय. परत या."

"परत कवा?"

सिस्टरला ते माहीत असतं तर तिनं सांगितलं असतं. ती खाली बघून आत गेली.

घरी येताना जीपमध्ये ही गप्प बसलेली. मला वाटलं दमली असेल. गावची कमान दिसायला लागली तेव्हा एकदम बोलली. आवाज असा चढलेला की ड्रायव्हरनं आरशात बघितलं.

"पुढच्या बारीला मी खुर्ची सोडणार न्हाई बगा. कुणी बी येऊ द्या. सोताच्या गाडीतनं देव जरी उतरला तरी त्याला म्हणीन, उबा ऱ्हा तिकडं."

पुढची बारी आली नाही. पुन्हा गेलो तर दाराला कुलूप. त्यानंतर गेलो तर ज्यांची पहिली सुई झाली त्यांनाच दुसरी देत होते. मग दोघांनाही ताप आला. माझा उतरला. तिचा नाही. बीदरच्या दवाखान्यात नेली, खाटेसाठी बाहेर रिक्षातच थांबलो, खाट मिळाली तर हवा कमी पडली. आमच्यात माणूस बसवून पुरतात, कपाळाला विभूती लावून, पाव्हण्यारावळ्यांनी धरून. तिला प्लास्टिकमध्ये गुंडाळून आडवी पुरली. पुरणाऱ्यांची तोंडं मी आजही ओळखणार नाही, सगळे डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले. मला लांब उभं केलं होतं. मी ओरडून सांगत होतो, बसवा तिला, बसवा. त्यांना ऐकू आलं का नाही, माहीत नाही.

बऱ्याच दिवसांनी गुलबर्ग्याहून एक बाई आली. लस सगळ्या जगाला सारखी मिळावी म्हणून भांडणारी माणसं आहेत, त्यांच्यातली. साधी बाई. चहा दिला तर बशीत ओतून प्याली, तेव्हा मी जरा मोकळा बोललो. ती गावोगाव फिरून कुणाचं कोण गेलं, लस कशी मिळाली नाही, ते ऐकायची. मी म्हणालो, "ऐकून काय करणार? ती पोरं आता कुठं सापडणार हायत?"

"त्या पोरांचं सोडा काका. ती पण घाबरलेलीच होती. लस कमी कामून पडली ते बघा. ती करायची रीत थोड्या कंपन्यांनी आपल्याच मुठीत धरली. दुसऱ्या कारखान्यांना करू दिली असती तर जास्त झाली असती."

"मंग कामून दिली न्हाई?"

"हक्क त्यांचा म्हणे. पेटंट म्हणतात त्याला."

"दुष्काळात सगळ्या गावच्या हिरी आटल्या, एकट्या माझ्या हिरीला पाणी हाय, आन मी तिला कुलूप लावलं, तर गाव काय करंल माझं?"

"काय करंल?"

"कुलूप बी फोडंल आन टकुरं बी."

बाई हसली. मग तिनं सांगितलं की मोठ्या देशांनी आपली माणसं थोडी असून लस ढिगानं घेऊन ठेवली. काही पडून पडून तारीख उलटली म्हणून फेकून दिली. त्यांच्याकडं तिसरी सुई चालू होती तेव्हा आफ्रिकेत पहिली पोचली नव्हती. मी शिव्या दिल्या. इथं लिहीत नाही, पण बाईनं ऐकल्या आणि अडवलं नाही.

नंतर तिनं आणखी एक सांगितलं, ते मला आवडलं नाही, पण खरं होतं. आपल्या देशात लस तयार होत होती. आपल्याकडं टंचाई झाली तशी ती बाहेर जायची थांबवली, आणि तिकडच्या गरीब देशांतली म्हातारी माणसं वाट बघत राहिली. म्हणजे आमच्या मागंही खुर्च्या होत्या. मी मोटारवाल्यांच्या नावानं बोटं मोडत होतो तेव्हा तिकडं एखादा म्हातारा माझ्या देशाच्या नावानं मोडत असेल. त्याचीही बायको गेली असेल. तो माणूस तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलाय. त्याच्यासाठी म्हणून मी बाईला होय म्हणालो. तिनं अंगणात बसवून मोबाइलवर माझं सगळं बोलणं घेतलं. पोलक्याची बाही, तांब्या, जीपमधलं बोलणं, सगळं सांगितलं. काही ठेवलं नाही.

मग एक दिवस चौकातल्या हॉटेलात गेलो, तर हॉटेलवाला गल्ल्यावरून उठून आला. एरवी हा माणूस माझ्याकडं बघून दूध पातळ करतो. त्या दिवशी त्यानं माझ्या पायाला हात लावला.

"अप्पा, तुमची मालकीण तर देवीच निघाली की वो! आमाला म्हाईतच न्हाई!"

"काय झालंय तुला? ताप आलाय का?"

त्यानं मोबाइल पुढं केला. त्यात बासरी वाजत होती. लेकीच्या लग्नातला हिचा फोटो, त्याच्याभोवती उजेड सोडलेला. मी बोलतोय, पण दोनच वाक्यं: "ती उठली. म्हणाली, जावा माय, लांबून आलाव." मग मोठ्या अक्षरात: तिनं आपली लस दुसऱ्यांना दिली. खाली इंग्रजी. शेवटी लोकांना विनंती, या त्यागाची आठवण ठेवा आणि सही करा.

बाही नव्हती. जीप नव्हती. बाटली वर करून दाखवलेली नव्हती. चहा तसाच टाकून मी उठलो.

घरी येईपर्यंत लेकीचा फोन. रडत होती, पण आनंदानं. "अप्पा, आमच्या अख्ख्या कमलनगरात अव्वाची चित्रफीत फिरायलीय! ह्यांनी दुकानात अव्वाचा फोटो लावलाय. सासूबाई बी माझ्यासंगं नीट बोलायल्यात आता. म्हंत्यात, अशा बाईची लेक हाय."

मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी गुलबर्ग्याची बस धरली. बाईची कचेरी एका औषधाच्या दुकानावर, जिना असा की माणूस वर पोचेपर्यंत राग निम्मा व्हावा. माझा झाला नाही.

"बाई, माझं बोलणं कुठं गेलं?"

तिला कळलं. तोंड उतरलं. म्हणाली, "काका, कापाकापी मी न्हाई केली. मोठ्या शहरातल्या लोकांनी केली. ते म्हणाले, रागाचं बोलणं बाहेरच्या देशातल्या लोकांना झेपत न्हाई. माणसाला रडू आलं की तो सही करतो."

"रडू आलं की माणूस नाक शिंकरतो आन घरी जाऊन झोपतो."

"पण काका, अव्वा दयाळू व्हत्याच की."

"व्हती. माझ्यापेक्षा लई. दयाळू बाईला जगायचं नसतंय का?"

मी थांबलो नाही. म्हणालो, तुम्ही 'दिली' म्हणता तेव्हा घेणारा सुटतो. मोटारवाला सुटतो, मोबाइलचा नियम करणारा सुटतो, कुलूप लावणारा तर कुणाला दिसतच नाही. उद्या ते म्हणतील, बघा, गरीब माणसं किती थोर, मागत नाहीत, उठून जागा देतात. मग पुढच्या साथीला पुन्हा आम्हीच उठायचं का? घरात तिला सगळ्यांच्या मागं जेवायला लावलं, तेही आम्ही थोरपण म्हणूनच सांगत आलो. तेच तुम्ही आता जगाला दाखवायलाव.

बाईनं पाणी पुढं केलं. मी पिलो. मग ती म्हणाली, "मी बदलून मागते."

बदलून मिळालं नाही. पंचमीला लेक माहेरी आली होती, तेव्हा बाईचा फोन आला. परदेशात मोठी बैठक भरणार होती, निरनिराळ्या देशांचे लोक येणार होते. तिथं ही चित्रफीत पडद्यावर दाखवायची होती आणि त्याला माझी संमती लागत होती. आहे तशीच दाखवायची, नवीन करायला वेळ नाही, असं वरच्यांचं म्हणणं.

"काका, लई लोक बघतील. त्यातून काही हललं तर पुढच्या बारीला कुणाची तरी लस वेळेवर येईल. मी तुमच्या पाया पडते."

ती लबाड बाई नाही. खरंच पाया पडली असती. आणि तो आफ्रिकेतला म्हातारा माझ्या डोळ्यांपुढं होताच. माझ्या एका होकारानं त्याच्या नातवंडांना सुई मिळणार असेल, तर माझी बायको देवी झाली काय आणि दासी झाली काय, माझं काय जातंय? असंही मनात आलं. लेक शेजारी उभी राहून खुणा करत होती, व्हय म्हणा, व्हय म्हणा.

मी म्हणालो, "बाई, रडून जे देतील ते भीक म्हणून देतील, आन मन भरलं की हात आखडतील. आमाला भीक नको. वाटा पायजे. तिचं सगळं बोलणं दाखवा, न्हाईतर तिला दाखवूच नका."

"सगळं न्हाई दाखवणार ते."

"मंग न्हाई."

फोन ठेवल्यावर लेक माझ्यावर तुटून पडली. "कामून वो अप्पा? जितेपणी अव्वाला कुणी इचारलं न्हाई. आता चार माणसं चांगलं म्हणायलीत, तर ते बी काढून घ्यायलाव?"

तेव्हा मी तिला जीपमधलं सांगितलं. तोपर्यंत सांगितलंच नव्हतं, तिला वाईट वाटेल म्हणून. अव्वाचे शब्द जसेच्या तसे सांगितले, आवाज चढवून. ड्रायव्हरनं आरशात कसं बघितलं ते सांगितलं.

लेक खाली बसली. मग म्हणाली, "अव्वा चिडली व्हती?"

"चिडली व्हती."

"खरंच चिडली व्हती?"

"देवावर बी चिडली व्हती म्हंतोय की मी."

"बरं झालं," लेक म्हणाली. "मला वाटायचं ती हसत हसत गेली. मला ते झोपू देत नव्हतं." आणि पदर तोंडाला लावून ती रडली, आणि मी तिला रडू दिलं.

ती चित्रफीत बैठकीत दाखवली नाही. बाईनं वर कळवलं की घरच्यांची संमती नाही. तिनं वरच्यांची बोलणी खाल्ली, पुष्कळ खाल्ली असं ऐकलं. हॉटेलवाला पुन्हा दूध पातळ करायला लागला. विहिणीचं कसं चाललंय ते मी लेकीला विचारत नाही.

पण बाईनं मला सोडलं नाही आणि मी तिला सोडलं नाही. आता जिल्ह्याच्या कचेरीसमोर लशीच्या वाट्यासाठी धरणं असलं की मी जातो. गुडघे दुखतात, तरी जातो. मागच्या महिन्यात एक साहेब निवेदन घ्यायला बाहेर आला. तरुण होता, बोलायला गोड. बाईनं माझी ओळख करून दिली तर त्यानं हात जोडले. "ऐकलंय मी त्या माउलींबद्दल. स्वतः न घेता दुसऱ्यांना दिली. केवढा त्याग."

"साहेब, तिनं दिली न्हाई. आदल्या दिवशी दुपारी तिनं पोलक्याची बाही उसवली, तिथनं ऐका."

"हो हो, तेच म्हणतोय मी, त्याग—"

"न्हाई. बसा आन ऐका."

त्यानं घड्याळ बघितलं. मी बघू दिलं, आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.